बातमी देणारा वेगळा, शब्द टाकणारा वेगळा

या खेपेला आलेल्या पत्रांतली तीन निवडली आहेत, कारण तिन्हींच्या मुळाशी एकच शब्द आहे: ओळख. पुण्याजवळच्या कारखान्यांत मी एकतीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. भरतीचे कागद माझ्या टेबलावरून जायचे, म्हणून हा शब्द मी टेबलाच्या त्या बाजूनं पाहिला. लालबागच्या चाळीत वाढले, म्हणून या बाजूनंही पाहिला.

*प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर झाला. इथला एक माणूस म्हणतो, रांजणगावच्या एका कंपनीत त्याची आत ओळख आहे, चाळीस हजार दिले तर कायम नोकरी लावून देतो. मुलगा नको म्हणतो, ऑनलाइन अर्ज करतो म्हणतो. आम्ही काय करावं? (एक वडील, गेवराई)*

एक रुपयाही देऊ नका. आगाऊ देऊ नका, ‘काम झाल्यावर द्या’ म्हणाला तरी देऊ नका.

खरी शिफारस कशी चालते ते सांगते, म्हणजे खोटी ओळखता येईल. आतला माणूस ‘हा आमचा पोरगा, घ्या’ म्हणतो तेव्हा तो स्वतःची पत लावत असतो. पोरानं आठवड्यात दोन दांड्या मारल्या की साहेब आधी त्याला बोलावतात. म्हणून त्याच्या शब्दाला वजन येतं. पैसे घेणाऱ्याचं काहीच लागलेलं नसतं. शिवाय कायम नोकरी गेटवर हातात ठेवणारी कंपनी मी पाहिलेली नाही. आधी ट्रेनी, मग प्रोबेशन, मग पुढचं.

मुंबईच्या गिरण्यांत जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, माणसं कामाला लावायचा आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे आपला वाटा, घ्यायचा. एकदा देऊन भागत नसे, कामावर टिकायलाही त्याचा हात ओला करावा लागे. १९३१ साली शाही कामगार आयोगानं आपल्या अहवालात भरतीचा हा अधिकार जॉबरकडून काढून घ्या असं सांगितलं. तुमच्या गावातला माणूस त्याच प्रकारातला आहे, फक्त त्याच्या हातात गिरणीसुद्धा नाही.

मुलाचं बरोबर आहे, पण अर्धंच. नुसत्या अर्जालाही नाव असतं, आणि नाव वाचणारा माणूस असतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. शिक्षण सारखं, आडनावं वेगळी, असे अर्ज त्यांनी जाहिरातींना पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. तेव्हा अर्ज करू दे, त्याच्या जोडीला आयटीआयच्या निदेशकांनाही भेटू दे. गेल्या दोन बॅचची मुलं कुठं लागली हे त्यांना पाठ असतं. शिकाऊ उमेदवारीसाठी सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट होते, ती आजच करा.

*प्रश्न : ताई, मी अहमदपूरची. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. दोन वर्षं झाली, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, कंत्राटदाराच्या रोलवर. चौघींनी मिळून खोली घेतली आहे. माझ्याच वर्गातला एक मुलगा माझ्यानंतर सहा महिन्यांनी लागला. काम तेच, पण त्याला साडेतीन हजार जास्त. त्याचा मावसभाऊ तिथं लाइन लीडर आहे. जागा निघाली की मुलांना टपरीवर कळतं, आम्हाला भरल्यावर कळतं. ज्यांची ओळख नाही त्यांनी नुसतं चांगलं काम करत राहायचं का? (वय २४)*

‘आम्हाला भरल्यावर कळतं’ हे तुझं वाक्य वाचून मी थांबले. कारण ते कसं घडतं हे मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे.

१९९८ साली आमच्या मशीन शॉपला चौदा ऑपरेटर हवे होते. नोटीस टाइप झाली होती. ती बोर्डावर लागायच्या आत, दुपारच्या जेवणानंतर, सुपरवायझर एकेक करून माझ्याकडे आले. कुणाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत बायोडेटा, वर फोटो टाचलेला. एक नाव तर लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं लिहिलेलं. संध्याकाळपर्यंत चौदा नावं भरली. अकरा एकाच तालुक्यातली. मुलगी एकही नाही. मुली घेऊ नका असं कुणीही म्हटलं नव्हतं. ज्याच्या डोळ्यासमोर जो आला त्याचं नाव त्यानं सांगितलं, आणि पुरुषांच्या डोळ्यासमोर पुरुषच आले. त्या यादीखाली सही माझी आहे. ती मला आजही खुपते.

आफ्रिकेतल्या मलावी देशात लोरी बीमन, नायल केलेहर आणि जेरेमी मॅग्रुडर यांनी हीच गोष्ट तपासून पाहिली. सर्वेक्षणाच्या कामासाठी आलेल्या उमेदवारांना त्यांनी आणखी एक नाव सुचवायला सांगितलं. मोकळीक दिली तेव्हा पुरुषांनी बायकांची नावं फार कमी सुचवली. ‘बाईचंच नाव द्या’ अशी अट घातली, तेव्हा त्याच पुरुषांना लायक बायका सापडल्या. म्हणजे ओळखीत होत्या, आठवल्या नव्हत्या.

आता ओळख म्हणजे काय ते नीट बघू, कारण त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक बातमी, दुसरा शब्द. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवलं की नोकरीची बातमी बरेचदा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून येते, घरच्यांकडून नाही. घरच्यांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. चीनमधल्या तिआंजिन शहरात यानजिए बियान यांना उलटं दिसलं. १९८८ची गोष्ट, नोकऱ्या सरकार वाटत होतं. तिथं बातमीनं भागत नव्हतं, कुणीतरी शब्द टाकावा लागे, आणि शब्द जवळचाच माणूस टाकतो.

चाकणला दोन्ही चालतं. त्या मुलाला मावसभावाचा शब्द मिळाला, तो तुला दिसला. त्याला आणखी एक गोष्ट मिळाली, ती तुला दिसलेली नाही. त्याला आकडा मिळाला. कंत्राटदार या कामाला कुठपर्यंत जातो हे त्याला आत पाऊल टाकायच्या आधी माहीत होतं. ‘अपेक्षा किती?’ असं विचारल्यावर त्यानं रक्कम सांगितली असणार. तू काय म्हणालीस? माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक मुली ‘सर, तुम्ही द्याल ते’ म्हणायच्या, आणि लिहिणारा सर्वांत खालचा आकडा लिहायचा.

शब्दालाही किंमत मोजावी लागते, हे विसरू नकोस. ‘काकांनी लावलंय, आता पगाराचं कुठल्या तोंडानं बोलू?’ हे मी इतक्या पोरांकडून ऐकलं आहे. ओळखीनं लागलेला पोरगा पटकन लागायचा, टिकायचा, आणि वाढ मागायची वेळ आली की गप्प बसायचा. तुमच्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी बघ. मुकादम आपल्याच भागातला, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तोच देतो, काम नक्की मिळतं. पण दराचं बोलावं तर उचल फिटलेली नसते.

आमच्या घरचं सांगते. वडील १९५२ साली पाटण तालुक्यातून मुंबईला आले. गाववाल्यांच्या गाळ्यात, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत, वळकटी ठेवली आणि गावच्याच एका जॉबरनं त्यांना बदली कामगार म्हणून लावलं. पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी आला नसेल तर त्याच्या जागी काम. नसेल तर घरी परत. सहा वर्षांनी ते कायम झाले. १९७८ला भाऊ त्यांच्याच ओळखीनं त्याच खात्यात बदलीवर लागला. आम्हाला वाटलं, झालं.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्या वेळी लक्षात आलं की आमच्या सगळ्या ओळखी गिरणीतल्याच होत्या. जो जो शब्द टाकू शकला असता तो स्वतःच चाळीच्या गॅलरीत बसलेला होता. मामा, शेजारी, वडलांचे मित्र, सगळे. भावाला काम मिळालं ते आईमुळे. आई चार डबे करायची. त्यातला एक डबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये स्टोअरला असलेल्या एका गृहस्थांचा. महिन्याचे पैसे द्यायला यायचे, दारातच उभे राहायचे, एवढीच ओळख. एकदा नोटा मोजता मोजता म्हणाले, ‘आमच्याकडे लोडिंगला माणूस पाहिजे, तुमचा मुलगा येईल का?’ गाळ्यातल्या तीस माणसांना जे जमलं नाही ते डब्याच्या एका गिऱ्हाइकानं केलं.

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादर भागातल्या शाळा आणि कुटुंबांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला आमची चाळ दिसत होती. खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलग्यांना घरचे मराठी शाळेतच घालत राहिले, कारण जातभाईंच्या ओळखीनं त्यांना कामगाराची नोकरी लागायची. मुलींना ती ओळख कधी मिळालीच नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी इंग्रजी शाळेचा रस्ता लवकर मोकळा झाला. माझ्या चुलतभावानं अगदी हेच केलं. ‘हा काय, माझ्या खात्यात लागेल’ म्हणून मुलगा पालिकेच्या मराठी शाळेत, आणि ‘हिला कोण लावणार?’ म्हणून मुलगी इंग्रजी शाळेत. मुलगी आज बँकेत अधिकारी आहे.

हे वाचून तुझे साडेतीन हजार भरून निघत नाहीत, मला ठाऊक आहे. तेव्हा आता कामाचं.

तुमच्या कंपनीतले व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे मापं बरोबर दाखवतात का ते तपासायला, जातात. ते न्यायला येणारा लॅबचा माणूस आठवड्यात कितीतरी कंपन्यांच्या क्वालिटीत जातो. कुठं नवी लाइन बसते आहे, कुठला इन्स्पेक्टर सोडून चालला आहे, हे त्याला तुझ्या मॅनेजरच्या आधी कळतं. तू त्याच्याशी चलनावर सही करण्यापुरतं बोलत असशील. त्याला चहा विचार. कस्टमरकडून ऑडिटला येणाऱ्या मॅडम, डिप्लोमाच्या तुझ्या आधीच्या दोन बॅचमधल्या मुली, कॉलेजात प्लेसमेंट बघणारे सर, अशी वीस नावं वहीत लिही. त्यांत तुझ्या अगदी जवळचं कुणी नसलं तरी चालेल, नसलेलंच बरं.

त्यांना ‘माझ्यासाठी नोकरी बघा ना’ म्हणू नकोस. त्यानं समोरच्यावर ओझं पडतं आणि तो दुसऱ्यांदा फोन उचलत नाही. विचार की, ‘तुमच्याकडे दोन वर्षं झालेल्या इन्स्पेक्टरला हातात किती पडतात? बेसिक किती? पीएफ कशावर कापतात? ओव्हरटाइम सिंगल की डबल?’ हे सांगताना कुणाच्या खिशातून काही जात नाही, म्हणून लोक सांगतात.

आणि सुरुवात खोलीतूनच कर. आज रात्री जेवणं झाली की चौघींनी आपापल्या पगाराच्या स्लिपा सतरंजीवर एकीशेजारी एक मांडा. बेसिक, भत्ते, कपात, ओव्हरटाइमचे तास, सगळं एका कागदावर उतरवून काढा. पहिली दहा मिनिटं अवघड वाटेल. मग एखादी म्हणेल, ‘अगं, तुझा पीएफ माझ्याहून कमी का कापतात?’ आणि तिथून खरं बोलणं सुरू होईल. ओडिशातल्या खेड्यांत एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि नंदिता कृष्णस्वामी यांनी मजुरांना चालू दरापेक्षा कमी मजुरीचं काम देऊ केलं. एकट्याला गाठून विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी घेतलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळेल असं विचारलं तेव्हा जवळपास कुणीच घेतलं नाही. ओळखीच्या माणसांनी एकमेकांचा दर असा धरून ठेवलेला असतो. तुमच्या खोलीत चार कंपन्या राहतात, त्यांचा दर अजून एकत्र मांडलेलाच नाही.

आणखी एक कागद मिळव. सध्याच्या क्वालिटी इंजिनिअरकडून एका पानाचं पत्र घे. ‘मेहनती व प्रामाणिक’ असलं काही नको. हजेरी कशी आहे, कुठली गेज आणि यंत्रं स्वतंत्रपणे हाताळतेस, कुठल्या पार्टचं तपासणीचं काम तुझ्याकडे आहे, एवढं लिहून सही आणि फोन नंबर. दक्षिण आफ्रिकेत मार्टिन एबेल, रुलोफ बर्गर आणि पॅट्रिझिओ पिरैनो यांनी बेरोजगारांच्या अर्जांना जुन्या मालकाचं असं पत्र जोडून पाहिलं. बोलावणी चांगलीच वाढली, आणि फायदा बायकांना जास्त झाला. ज्यांच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नसतं, त्यांच्यासाठी तो कागद शब्द टाकतो.

मग कंत्राटदाराशी बोल. ऑडिट जवळ आलं असेल तो आठवडा निवड, त्या वेळी तुला सोडणं त्याला परवडत नाही. एकच आकडा सांग, कागद समोर ठेव, आणि तो बोलेपर्यंत थांब. त्या मुलाचं नाव काढू नकोस, त्यानं काही चूक केलेली नाही. एकाच कामाला बाई म्हणून कमी पगार देणं कायद्याला मान्य नाही, हे मनात पक्कं असू दे, पण पहिल्या बैठकीत काढू नकोस. काय झालं ते मला नक्की कळव.

*प्रश्न : मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत अठरा वर्षं मोल्डिंगला आहे. मालक म्हणतात, तुमच्या माहितीतली चार माणसं आणा, टिकली तर माणसामागे दोन हजार देऊ. बहिणीचा मुलगा मागं लागलाय. पोरगा वाईट नाही, पण एका जागी सहा महिन्यांच्या वर टिकलेला नाही. नाही म्हटलं तर बहीण दुखावते, हो म्हटलं तर माझी मान अडकते. (एक वाचक, हातकणंगले तालुका)*

भाऊ, तुमची भीती खरी आहे. कोलकात्यात बीमन आणि मॅग्रुडर यांनी एक प्रयोग केला होता, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. लोकांना एक काम करायला दिलं आणि नंतर सांगितलं, तुमच्या ओळखीचा एक माणूस घेऊन या. काहींना माणूस आणल्याबद्दल ठरलेली रक्कम मिळणार होती. काहींची रक्कम आणलेल्या माणसाच्या कामावर अवलंबून होती. दुसऱ्या गटातल्या लोकांनी नातेवाईक कमी आणले आणि आपल्यासोबत काम करणारे सहकारी जास्त आणले. कोण कसं काम करतं हे बऱ्याच लोकांना चांगलं माहीत असतं, नात्याच्या भिडेपोटी ते बाजूला ठेवलं जातं. तुमच्या मालकांनी ‘टिकली तर’ म्हटलंय, म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटातले.

बांगलादेशच्या कपड्यांच्या कारखान्यांत रेचल हीथ यांना दिसलं की आणलेल्या माणसाचं काम बिघडलं तर त्याची झळ आणणाऱ्याच्याही पगाराला लागते. आपल्याकडे ते कागदावर नसतं, पण असतं. आमच्या पेंटशॉपमधले एक ज्येष्ठ कामगार होते. त्यांचा पुतण्या पाळी अर्ध्यावर टाकून निघून गेला, तेव्हा मॅनेजरनं काकांना केबिनमध्ये बोलावलं. ते बाहेर आले, पाण्याच्या कूलरपाशी बराच वेळ ग्लास हातात धरून उभे राहिले, पाणी काही प्यायले नाहीत. त्या वर्षी त्यांचं ग्रेडचं प्रमोशन राहिलं. पुतण्या त्यांना पुढं भेटला की नाही मला माहीत नाही.

तेव्हा भाच्याला बातमी द्या, शब्द देऊ नका. जागा आहे, अमुक दिवशी गेटवर या, मोल्डिंगला भट्टीशेजारची उष्णता किती असते, रात्रपाळी आठवड्याआड येते, सुरुवातीचा पगार इतका, हातात इतका, हे सगळं त्याला बसवून सांगा. तुमचं नाव न घेता अर्ज करायला सांगा. टिकला तर सहा महिन्यांनी तुम्ही स्वतः मालकांना सांगा की हा माझा भाचा. बहिणीला हे असंच समजावा, आणि तिच्यासमोर ‘तो टिकत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘माझ्या नावानं लागला तर पगाराचं त्याला कधी बोलता येणार नाही’ म्हणा. तेही खोटं नाही.

चार नावं द्यायची आहेतच. ज्यांच्याबरोबर तुम्ही कधीतरी खांद्याला खांदा लावून काम केलं आहे अशांना आधी आठवा, मग ते कुठल्या गावचे आणि कुणाचे कोण ते बघा. प्रत्येकाला आकडा आधी सांगा, म्हणजे आत गेल्यावर तो मिंधेपणानं गप्प बसणार नाही. आणि चारांतलं एक नाव मुलीचं असू द्या. कोअर शॉपला, म्हणजे साच्याच्या आतले वाळूचे गाभे बनतात तिथं, आणि सँड टेस्टिंगच्या लॅबला मुली चांगलं काम करतात. कुठली मुलगी आयटीआय झाली आहे हे तुमच्या डोळ्यासमोर येत नसेल, तर आज घरी गेल्यावर बायकोला विचारा. तिला माहीत असेल.